डाउट काउंटरच्या मॅडमची डॉक्टरेट

"आता यांनाही डॉक्टर व्हायचंय. व्हा की मॅडम. तुमचं काय, तुम्हाला कुठं मार्क लागतात!"

मोठे सर हे स्टाफरूममध्ये बोलले. चहाच्या वेळेला. सगळे होते. फिजिक्सचे दोघं, केमिस्ट्रीचे सर, ऑफिसातली मुलगी, चहा आणणारा माणूस. मोठे सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. मी त्यांच्याकडं शनिवारी सकाळची थोडी सुट्टी मागितली होती, एवढंच. कशाला, असं त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायचीय, ऑनलाइन, नोकरी सांभाळून. प्रवेशाची मुलाखत आहे. विषय कोणता, तेही विचारलं. तोही सांगितला.

सगळे हसले.

मीही हसले.

हे सांगायलाच मी बसलेय. त्यांचं हसणं मला नवीन नव्हतं. पण माझे दात का दिसले? केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "मग फ्लेक्सवर काय लिहायचं सर, डॉक्टर डाउट?" तेव्हा तर मी जास्तच हसले. हातातला कप सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि हसले. मग बेसिनवर जाऊन तो कप धुतला. तिथं कप धुवायला माणूस आहे. तरी मी धुतला. शेजारी ठेवलेला केमिस्ट्रीच्या सरांचा कपही धुतला. आठवलं की कान तापतात.

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी बरीच वर्षं काढली. एमएस्सी, बीएड, विषय जीवशास्त्र. पण वर्गात फळ्यासमोर एकदाही उभी राहिले नाही. नोकरीसाठी गेले तेव्हा मोठ्या सरांनी माझं शिकवणं ऐकलं, मान डोलावली आणि मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं. जसं पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नव्हतं. म्हणाले, "शिकवता झकास. पण कसंय, पालक फ्लेक्सवरची नावं वाचून ॲडमिशन घेतात." मला डाउट काउंटरला बसवलं. मी बसले. दुसरीकडं कोण घेणार होतं?

लातूर-नांदेडच्या माणसाला डाउट काउंटर समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं आमच्याकडं येतात. एकेका हॉलमध्ये शेकड्यांनी बसतात. तिथं हात वर करून शंका विचारायची सोय नाही. शिकवणारे सर माइकवर बोलतात आणि दुसऱ्या बॅचला निघून जातात. मग ज्याला अडलं त्यानं काउंटरवर यायचं. रांग लावायची, पुस्तक पुढं सरकवायचं, बोट ठेवायचं. खिडकीच्या आत मी.

बसून बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रांगेत तीच तीच पोरं. कपडे बघून सांगावं, बोलणं ऐकून सांगावं, कोण डॉक्टरांचं, कोण प्राध्यापकाचं. आणि दुसरी काही पोरं होती, ती रांगेत यायचीच नाहीत. पाण्याच्या कूलरपाशी उभी राहायची. बाटली भरत राहायची, भरलेली ओतून पुन्हा भरायची, आणि मी दुसऱ्याला काय सांगते ते कान देऊन ऐकायची. मी हाक मारली तर, "काई न्हाई मॅडम, आसंच." एकदा मुखेडकडची एक मुलगी रांग संपल्यावर आली. पुस्तक छातीशी धरलेलं. म्हणाली, "मॅडम, हे इचारलं तर चालंल का?"

प्रश्न अगदी साधा होता, पुस्तकातलाच. मी सांगितलं, ती गेली. पण तिचं ते 'चालंल का' माझ्या डोक्यातून जाईना. विचारायला परवानगी लागते, हे या पोरीला कोणी शिकवलं? कूलरपाशी उभं राहणारी ती पोरं कुणाची? हाच माझा डॉक्टरेटचा विषय. कोण विचारतं, कोण गप्प राहतं आणि का.

मला तो का सुचला, हेही सांगते.

मी चौथीत होते तेव्हा आमचं गाव भूकंपात गेलं. दगडमातीची घरं, एका पहाटेत जमीनदोस्त. माझा धाकटा भाऊ गेला, आजा गेला. मायनं दोघांनाही स्वतःच्या हातानं दगडाखालून काढलं. भूकंपानं कुणाची जात पाहिली नाही, असं पुढं भाषणांत लई ऐकलं. भूकंपानं नसेल पाहिली. पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या तेव्हा माणसांनी पाहिली. आम्हा बौद्धांच्या शेडा शेवटच्या रांगेला, नाल्याच्या कडेला. टँकर आला की आमची घागर सगळ्यांत शेवटी.

शाळाही पत्र्याच्या शेडात भरायची. एके दिवशी शहरातून पाहुणे आले. वह्या आणल्या होत्या, बिस्किटं आणली होती. त्यांतल्या एका बाईंनी खाली वाकून विचारलं, "त्या रात्री काय झालं, कोण सांगेल मला?"

मी हात वर केला. सगळ्यांत आधी. खांद्यातून ताणून.

गुरुजी म्हणाले, "तू खाली बस. तुझं बोलणं त्यानला कळायचं न्हाई."

मी खाली बसले. गुरुजींनी गावातल्या एका मोठ्या घरच्या मुलीला उभं केलं. ती गणपतीला म्हणून लातूरला आत्याकडं गेली होती, भूकंपानंतरच परत आली होती. तिनं भूकंप पाहिलाच नव्हता. पण घरच्यांकडून ऐकलेलं तिनं नीट सांगितलं. आवाज कसा आला, भिंती कशा बसल्या. एका बाईनं आपल्या लेकराला दगडाखालून कसं काढलं, तेही सांगितलं. ती बाई माझी माय. ते लेकरू माझा भाऊ. तिनं त्याचं नाव सांगितलं, तेही चुकीचं. पाहुण्या बाई रडल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिथंच होते, दोन हातांवर. मी उठून माझ्या भावाचं खरं नाव सांगितलं नाही.

त्या मुलीवर माझा राग नाही. तीही लहानच होती. राग गुरुजींवर आहे, आणि त्याहून जास्त लाज माझी मला आहे. त्यानंतर शाळेत, कॉलेजात, कुठंच माझा हात वर गेला नाही. पहिल्या वर्गात पास होत गेले, गप्प राहून.

पीएचडीचा प्रयत्न आधी एकदा केला होता. नांदेडला. एका गाइड सरांच्या घरी जाऊन बसायचे. आपल्याकडं ही रीतच आहे. रजिस्ट्रेशनच्या आधी सरांच्या घरी पाय झिजवायचे. एक जण त्यांच्या मुलीला ट्यूशनला सोडायचा, एक जण गॅसचं सिलिंडर आणून द्यायचा. मी लातूरहून एसटीनं जायचे आणि सरांच्या मॅडमना मटार सोलून द्यायचे. एमएस्सी झालेली बाई, मटार सोलत होते आणि वाटत होतं की माझा नंबर लागणार. एके दिवशी सरांनी पूर्ण नाव विचारलं. ऐकून जरा वेळ पंख्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमच्यातलेच एक सर आहेत की. त्यांच्याकडं जा. त्यांना तुमचे विषय बरोबर कळतात."

तुमचे विषय. जसं काही मी जीवशास्त्र नाही, दुसरंच काही शिकले होते.

मी काय म्हणाले? "थँक्यू सर." वाकून म्हणाले. सोललेल्या मटारांचं पातेलं आत नेऊन ठेवलं आणि निघाले.

म्हणून ऑनलाइन. इथं कुणाच्या ओट्यावर बसायचं नाही, कुणाचं सिलिंडर उचलायचं नाही. पण तिथंही बाजार मांडलेला आहे, हे लवकरच कळलं. इंटरनेटवर एकदा चौकशी केली आणि फोन सुरू झाले. "मॅडम, घरबसल्या डॉक्टरेट. प्रबंधाची काळजी करू नका, तो आमच्याकडून तयार मिळतो." एकानं तर विचारलं, पदवीदानाचा झगा कुरियरनं पाठवू का. असल्या लोकांना नाही म्हणत म्हणत, एकेक वेबसाइट डिक्शनरी घेऊन वाचत, परदेशातलं एक विद्यापीठ सापडलं. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी त्यांचा अभ्यासक्रम, अनेक वर्षांचा. फी माफीची सोय. आणि त्यांनी काय मागितलं? तुम्हाला काय शोधायचंय, ते तुमच्या शब्दांत लिहा. मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुखेडच्या मुलीपासून लिहायला घेतलं.

इकडं ऑनलाइन डॉक्टरेट नोकरीला धरत नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं. ज्याला त्याला तेच सांगायचं असायचं. पण मला पगार वाढवायचा नव्हता. माझा प्रश्न पूर्ण ऐकून कुणीतरी त्यावर पुढचा प्रश्न विचारावा, एवढी भूक होती. तीसुद्धा सांगायला मला लाज वाटायची. चाळिशीच्या बाईला हे कसले डोहाळे, असं वाटायचं.

तर, कप धुवून झाला. मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बसा मॅडम."

इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मला बसा कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेला बसले. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. घटकेपूर्वी ज्यानं मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, त्यानं खुर्ची दिली म्हणून बरं वाटलं. माझी मलाच किळस यावी इतकं बरं वाटलं.

"मघाशी गंमत केली, मनावर घेऊ नका," ते म्हणाले. मग मुद्द्यावर आले. समोरच्या क्लासनं नवीन फ्लेक्स लावलाय, दोन नावांच्या आधी 'डॉ.' टाकलंय. पालक तिकडं वळायलेत. म्हणून त्यांनी आपल्या मुलाला, छोट्या सरांना, कुठल्याशा ऑनलाइन डॉक्टरेटला बसवलं होतं. मला आलेल्या फोनांसारखीच ती. प्रबंध तेवढा कुणीतरी लिहायचा होता.

"तुम्ही लिहा. तुमचं लिहिणं चांगलंय. नाव छोट्या सरांचं राहील. पुढच्या वर्षी त्यातच तुमचंही करून टाकू. मुलाखत-बिलाखत काही नको."

मी विचारलं, "विषय कोणता सर?"

"तुमचाच घ्या की. तो पोरांच्या डाउटचा. आपल्याच क्लासमधला आहे, म्हणजे आपलाच झाला ना."

केबिनच्या काचेतून काउंटर दिसत होतं. माझी खुर्ची रिकामी, रांग थांबलेली. आणि कूलरपाशी तशीच ती पोरं. मला त्या मुलीचा आवाज ऐकू आला, लातूरच्या आत्याकडून आलेल्या. माझ्या भावाचं चुकीचं नाव सांगताना. छोट्या सरांनी आयुष्यात एक तास काउंटरवर काढला नव्हता. कूलरपाशी कोण उभं राहतं, हे त्यांना आता मी लिहून देणार. ते वाचून कुणी रडलं तर तेही छोट्या सरांनाच मिळणार.

"न्हाई सर."

हे माझ्या तोंडून आमच्या गावच्या बोलीत निघालं. क्लासमध्ये मी कधी न्हाई म्हणत नसे. नाही म्हणायचे, पुस्तकातलं. जीभ सांभाळून.

"काय?" मोठे सर म्हणाले.

"न्हाई लिहिणार. विषय माझा हाय. मीच करणार."

ते रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही. हसत म्हणाले, "मॅडम, उपकाराची जाणीव ठेवा. तुम्हाला इथं बसवलं कुणी?" मी उठले. खुर्ची होती तशी आत सरकवून ठेवली, हेही सांगते. शूरवीर काही नव्हते मी. दारात गेल्यावर एवढंच म्हणाले, "बसवलं तुमीच, सर. उठले मी." संध्याकाळी ऑफिसातल्या मुलीनं मान खाली घालून सांगितलं की उद्यापासून काउंटरला दुसरे सर आहेत.

त्या शनिवारी मुलाखत घरूनच दिली. घरात माय आणि मी, दोनच माणसं. एक खोली आणि आत स्वयंपाकाची जागा. मी टेबलावर लॅपटॉप मांडला, मागच्या दोरीवरचे कपडे काढले, भिंत पुसली. माय पलंगावर बसून शेंगा फोडत होती. तिचं फाटकं लुगडं, तो सुपातला आवाज. मी म्हणाले, "माय, तू जरा आत बस. तुझं बोलणं त्यांना ऐकू जाईल."

माय सूप उचलत म्हणाली, "हाव. माजं काय काम हाय तितं? मी न्हाई बोलत काई."

ती आत गेली. आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय बोलले. तू खाली बस, तुझं बोलणं त्यानला कळायचं न्हाई. गुरुजी मेले असतील एव्हाना. पण ते माझ्या तोंडात बसून होते, इतकी वर्षं. ज्या बाईनं आपल्या हातानं लेकराला दगडाखालून काढलं, तिला मी शेंगांसकट आत घालवलं होतं, कुणातरी परक्या माणसांना आवडावं म्हणून. केबिनमधल्या खुर्चीपेक्षा ही लाज मोठी होती. मोठ्या सरांवर ढकलता येईना. ही माझी होती.

मी आत गेले. "माय, बाहेर ये. हितंच बस. शेंगा फोड, काई होत न्हाई."

"अगं, त्यानला आवाज जाईन."

"जाऊ दे."

स्क्रीनवर दोन बायका होत्या, एक वयस्कर, एक माझ्याएवढी. माझं इंग्रजी अडखळत होतं. एकदा तर वाक्य मधेच सोडून दिलं. मागून शेंगांचा आवाज येत होता. वयस्कर बाईंनी विचारलं, "ही मुलं गप्प राहतात, ते त्यांना प्रश्न पडत नाहीत म्हणून नव्हे, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

अभ्यासाचा आधार द्यायचा होता. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "कारण मला प्रश्न पडायचे. आणि मी गप्प राहायचे." मग मी भूकंपाचं सांगितलं. भावाचं नाव सांगितलं. खरं नाव, मोठ्यानं. मागं शेंगांचा आवाज थांबला. मायला इंग्रजी येत नाही. लेकाचं नाव तेवढं तिला कळलं.

बाई रडल्या नाहीत, बरं झालं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

प्रवेश मिळाला. आता मी देवणीच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवते. फळ्यासमोर उभी राहते. जाता-येता एसटीत मोबाइलवर वाचते, रविवारी ऑनलाइन वर्गाला बसते. पहिल्या वर्गात मी कॅमेरा बंद ठेवला होता, तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्या वर्गातही नाही. लाज काही एका केबिनमधून बाहेर पडल्यानं सुटत नाही. तिसऱ्या वर्गात एक शब्द कळला नाही म्हणून विचारलं. आवाज फाटला. पण विचारलं. पहिला निबंध होता, संशोधक म्हणून तुम्ही कुठून बोलता ते सांगा. मी जात लिहिली, गाव लिहिलं, शेवटची रांग लिहिली. मटार लिहिले. स्टाफरूममधलं हसणं लिहिताना हात अडला, तेही लिहिलं.

आता पुढं पोरांशी बोलायचं काम आहे. त्याला क्लासची लेखी परवानगी लागते. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, दुसरा एखादा क्लास निवडा, तुम्हाला सोपं जाईल. मी नको म्हणाले. त्याच दारात जाणार. मोठे सर नाही म्हणतील. म्हणू देत. त्यांनी नाही म्हटलं, हे मी प्रबंधात लिहीन. त्यांची परवानगी क्लासच्या भिंतींच्या आत लागते. पोरांशी बोलायला त्यांच्या आईबापांची लागते. मी मुखेडला जाईन, माहूरला जाईन, डोंगरावरच्या तांड्यावर जाईन. उंबऱ्यात बसून त्यांच्या बोलीत, माझ्या बोलीत विचारीन. कुणीही आत बस म्हटलं, खाली बस म्हटलं, नंतर ये म्हटलं, तरी विचारीन. आणि जे ऐकीन ते माझ्या नावानं लिहीन. आडनावासकट.